हाऊ भूतना पिच्चर शे का तलवारबाजीना?

आधीच सांगतो, पुढे शेवटापर्यंतचं सगळं फोडलंय. पाहायचा असेल तर इथेच थांबा.

'कॅप्टन क्रोनोस : व्हॅम्पायर हंटर' पाहिलेल्यांचे सरळ दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं वरच्या अहिराणी ओळीत आलंच: घाबरायला बसलो आणि घाबरलोच नाही. दुसरा तट म्हणतो, व्हॅम्पायरच्या सिनेमात इतकं डोकं कुणी लावलं नव्हतं. दोघांचंही खरं आहे, पण खरा दोष दोघांच्याही नजरेतून सुटतो.

सिनेमा ब्रिटनच्या हॅमर कंपनीचा. शूटिंग 1972 चं, पडद्यावर आला 1974 ला, लांबी दीड तास. ब्रायन क्लेमन्स हा मूळचा टीव्हीचा लेखक, त्याने दिग्दर्शित केलेला हा एकुलता एक सिनेमा. पुढे सिनेमांची मालिका काढायचा बेत होता, पण हा चालला नाही आणि बेत तिथेच बारगळला. चाहते मिळाले ते खूप नंतर.

पहिली तक्रार असते ती उन्हाची. व्हॅम्पायर भरदिवसा रानात पोरींना गाठतो, हे कसं? उन्हात त्याची राख व्हायला नको का? तर नको. ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा फिरतो, फक्त त्याची ताकद तेव्हा कमी असते. उन्हाने मरणं हे 1922 च्या जर्मन मूकपटातून आलं आणि पुढच्यांनी ते नियम म्हणून उचललं. छातीत खुंटी ठोकणं कादंबरीत आहे, पण ते इतर व्हॅम्पायरांसाठी. खुद्द ड्रॅक्युलाचा शेवट होतो तो गळ्यावर चाललेल्या कुकरीने आणि काळजात घुसलेल्या सुऱ्याने. म्हणजे 'व्हॅम्पायर असा मरत नाही' हा आक्षेप मुळातच लंगडा.

क्लेमन्सने हेच पकडलंय. इथे व्हॅम्पायरच्या जाती अनेक, आणि प्रत्येक जातीला मारायची रीत वेगळी. ही जात रक्तापेक्षा तारुण्य पिते, म्हणून विशीतली पोरगी सापडते ती सुरकुतलेली म्हातारी होऊन. शिकारी क्रोनोस आला की थेट तलवार उपसत नाही, आधी माग काढतो. त्याचा कुबडा जोडीदार प्रोफेसर ग्रॉस्ट मेलेले बेडूक खोक्यात घालून वाटेवर पुरतो. वरून व्हॅम्पायर गेला तर खालचा बेडूक जिवंत होणार. पडद्यावर दिसतं काय, तर माती, खोकं आणि बेडूक. खर्च शून्य, आणि तरी खोकं उघडताना नजर हटत नाही.

मधला डॉक्टर मार्कसचा प्रसंग तर या सगळ्या प्रकारच्या सिनेमांत मला सगळ्यात वरचा वाटतो. मार्कस क्रोनोसचा जुना मित्र. त्यालाच बाधा होते, आणि मला मारा असं तोच सांगतो. पण मारायचं कसं? छातीत खुंटी ठोकतात, मरत नाही. फाशी देतात, मरत नाही. शेवटी त्याच्या गळ्यातला पोलादी क्रॉस झटापटीत चुकून छातीत घुसतो आणि तो मरतो. प्रयोग फसतोय, दुसरा करून बघा, आणि प्रयोगाचं सामान म्हणजे आपलाच दोस्त. काही जण इथे हसतात. ते हसू अवघडल्याचं आहे, आणि दिग्दर्शकाला तेच हवं होतं असं वाटतं.

'हे तर भगताचे चाळे' असं कुणी म्हणालं तर त्यालाही उडवून लावू नका. सातपुड्यात भगताने दाणे पाहून एखाद्या बाईला डाकीण ठरवलं, की पुढे काय होतं ते नंदुरबारकडच्यांना सांगायला नको. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. ग्रॉस्टचा बेडूक मात्र नाव कुणाचंच घेत नाही. तो इतकंच सांगतो, की इथून व्हॅम्पायर गेला. पुढचा तपास माणसांनाच करावा लागतो.

आता खरी चूक. मार्कस मेला पोलादाने. मग हे दोघं आणतात काय, तर दफनभूमीतला लोखंडी क्रॉस! आणि त्याचीच तलवार घडवतात. आपल्याकडच्या कुठल्याही घिसाड्याला विचारा. साध्या लोखंडात कार्बन नावापुरता, त्याला कितीही पाणी दिलं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवलं, तरी धार टिकत नाही, घाव बसला की पातं वाकतं. पोलाद करायचं तर ते लोखंड लोणारी कोळशाच्या भुकटीत गच्च बंद करून तासन्‌तास लालबुंद तापवायला हवं, तेव्हा कुठे वरच्या थरात कार्बन मुरतो. आणि मग पाणी. दोन मिनिटांचं दृश्य लागलं असतं. क्लेमन्स त्याऐवजी क्रोनोसची रात्रभराची साधना दाखवतो. बेडकापाशी इतका काटेकोर असलेला सिनेमा तलवारीपाशी सैल पडतो, आणि शेवट घाईचा वाटायला सुरुवात होते ती इथूनच. शेवटी व्हॅम्पायर निघते ती लेडी डरवर्ड; तिची मोहिनी तलवारीच्या चकचकीत पात्यावरून तिच्यावरच उलटवणं दिसायला झकास आहे. पण धातूचा हिशेब चुकता केला असता तर ते पचलंही असतं.

मारामारी कमी, ही तक्रार मला पटत नाही. गुत्त्यातला प्रसंग पुन्हा बघा. समोर तिघं गुंड. तलवार म्यानातून निघते, परत जाते, क्षणभर काहीच होत नाही. मग तिघं कोसळतात. वार दिसतच नाही, दिसतो तो आधीचा हात आणि नंतरची शांतता. शेवटचं द्वंद्व याच्या कितीतरी पट लांब आहे आणि लक्षात निम्मंही राहत नाही.

पाहायचा तर टीव्हीतलं मोशन स्मूदिंग बंद करा, नाहीतर जुना सिनेमा सीरियलसारखा गुळगुळीत दिसतो. गच्चीवर प्रोजेक्टर लावणार असाल तर हा सोयीचा आहे. बरेच प्रसंग उजेडातले, त्यामुळे रस्त्यावरच्या दिव्यानेही चित्र धुऊन जात नाही. मे महिन्यात मात्र पावणेआठच्या आत सुरू करू नका. आणि चादर खालूनही बांधा, वाऱ्याने फुगली की सगळ्यांचीच तोंडं व्हॅम्पायरसारखी होतात.

यूट्यूबवर अहिराणी पिच्चर काढणाऱ्या पोरांनी हा आधी बघावा. एक रान, एक वाडा, दोन घोडे आणि खोकी, एवढ्यावर निम्मा सिनेमा उभा आहे. फक्त शूटिंग उन्हाळ्यात धरू नका. बेडूक मृगाच्या पावसाशिवाय सहसा जमिनीबाहेर येत नाहीत.