पाचशे चौरस फुटांच्या घरांवरील करमाफीबाबत खुलासा
‘पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना राज्यात कुठेही मालमत्ता कर नाही, देयक भरू नका’ हा सोसायट्यांमध्ये फिरणारा संदेश चुकीचा आहे. १ जानेवारी २०२२ पासूनची ही संपूर्ण माफी बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील, ४६.४५ चौरस मीटरपर्यंत (म्हणजेच पाचशे चौरस फूट) चटई (कार्पेट) क्षेत्राच्या निवासी घरांपुरती आहे. दुकानांना ती नाही. मुंबईला १८८८चा स्वतंत्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे, तर मीरा-भाईंदर आणि कल्याण-डोंबिवलीचा कारभार १९४९च्या अधिनियमाने चालतो, त्यामुळे मुंबईच्या हद्दीवरील दहिसरची सवलत नाक्यापलीकडे मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्या शेजाऱ्याला, त्याला ते कितीही अन्यायकारक वाटले तरी, आपोआप मिळत नाही. संदेशावर विसंबून देयक थकवल्यास १९४९च्या अधिनियमाखालील या शहरांत दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणून कृपया तो पुढे पाठवू नये.