धोका प्रकारात कमी, किनाऱ्याजवळ अधिक
काइटसर्फिंगच्या, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर धावण्याच्या खेळाच्या, प्रकारांमध्ये उंच उड्यांचा ‘बिग एअर’ हाच सर्वांत घातक, असे या खेळावरील आपल्या लेखात म्हटले आहे. ते अंशतःच पटले. त्यात उंचावरून पाण्यावर आपटण्याचा धोका आहेच, परंतु फ्रीस्टाइलमध्ये हार्नेसमधून (कमरेच्या पट्ट्यातून) बार (पतंग आवरण्याचा दांडा) सोडवून, पतंग हवेत कमी उंचीवर ठेवून कसरती करताना गुडघ्यांवर व खांद्यांवर जो ताण येतो, त्याचा लेखात उल्लेखही नाही. फॉइलच्या, म्हणजे फळीखाली पाते लावलेल्या, प्रकारात वेग शांत भासतो, मात्र पाण्याखालचे धारदार पाते पडणाऱ्याला गंभीर जखम करू शकते. लाटांवरच्या प्रकारात खडक आणि दोऱ्यांचा गुंता ही खरी भीती.

माझ्या मते प्रकारापेक्षा जागा आणि वारा अधिक निर्णायक ठरतात. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १५ नॉटचा (ताशी १५ सागरी मैल) वारा २० नॉट झाला की ती सुमारे पावणेदोन पट होते. अशा वेळी किनाऱ्यावर पतंग चढवणारा नवशिका, ज्याने एकही उडी मारलेली नाही, तोच झाडावर किंवा भिंतीवर फेकला जाऊ शकतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा तर त्याला किनाऱ्यापासून दूर नेतो.

आम्हा सातारकरांना चाळकेवाडीच्या पठारावरचा वारा परिचित आहे. बामणोलीला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात हा खेळ सुरू करावा, असे सुचवणाऱ्यांनी डोंगरांमुळे तिथला वारा तुटक, झोतांनी येतो, याचा आधी विचार करावा. रामेश्वरमच्या मोकळ्या किनाऱ्याशी त्याची तुलना होत नाही.