प्रभाग रचनेवर हरकत घेणाऱ्यांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

हरकत जरूर घ्या. अर्ज दोन प्रतींत करा, नकाशा जोडा, आवक विभागाचा शिक्का मारून घ्या. शिक्का छान उमटतो. हाती तेवढाच राहतो.

सुनावणीला वेळेवर जा. वस्ती फोडू नये, हद्द नाला, मोठा रस्ता, रेल्वेमार्ग बघून ठरवावी, असं राज्य निवडणूक आयोगच सांगतो. आमच्या सोसायटीची ए विंग एका प्रभागात, बी विंग दुसऱ्यात. मधे पार्किंग आहे. त्यालाच नाला समजले असावेत. ‘नोंद घेतली’, साहेब म्हणाले. पुढचा!

कोर्टात जायचंय? आधी घटनेचं कलम २४३ झेडजी वाचा: प्रभाग आखणीच्या कायद्याला कोर्टात आव्हान देता येत नाही. वकिलाची फी वाचेल. भाचा नॉर्थ कॅरोलिनात असेल तर फोनवर एकमेकांचं सांत्वन करा. पक्षाच्या सोयीनं आखलेले मतदारसंघ हा फेडरल कोर्टांचा विषयच नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी सांगून टाकलंय.

प्रभागात नगरसेवक किती, हे पाठ करू नका. २०१७ ला चार. मग सरकार बदललं, एक ठरला. मग त्याच सरकारनं तीन केले. पुन्हा सरकार बदललं, पुन्हा चार. मुंबईत प्रभागाला एकच, पण तिथे प्रभागच २२७ चे २३६ झाले आणि परत २२७! वाढवताना कारण लोकसंख्या. अहो, जनगणना २०११ नंतर झालीच नाही, मग ही लोकसंख्या वाढली कुठे, मंत्रालयात? आणि या खेळात, आरक्षणाच्या वादात मार्च २०२२ ला मुदत संपलेल्या महापालिकांची निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक घ्या, हे घटनेत आहे. सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये चार महिन्यांची मुदत दिली, तीही पाळली नाही.

ड्रेनेज तुंबल्यास चारांपैकी ‘अ’ जागेच्या नगरसेवकाला फोन करा. तो ‘ब’कडे पाठवेल, ‘ब’ ‘क’कडे. ‘ड’ फोन उचलत नाही.

बास झाली थट्टा. नकाशा सत्तेतल्यांनी आखायचा आणि आम्ही हरकतींचे कागद चिकटवत बसायचं, हा हलकटपणा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी केलाय. आखणी सरकारच्या हातून काढून पूर्णपणे स्वतंत्र आयोगाकडे द्या म्हणून एकानं तरी मत मागितलं का? आणि तुम्ही, ए विंगवाले, बी विंगवाले, मत मागायला आलेल्यांना हे विचारलंत? नाही. पेव्हर ब्लॉक मागितलेत.