चित्र आपलं, मग फ्रेमची पाठ कोण बघणार?

आज साताऱ्यातल्या एका चित्रकार मित्राकडे मेणवलीच्या नदीकाठच्या घाटाचं जलरंगातलं चित्र बघितलं आणि जीव जळला. ओल्या दगडाचा करडा रंग एका वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एकाच हातात, पकडलेला, आणि वर आकाशात बुरशीचे तांबूस ठिपके! कागदाला लाट आलेली, एक कोपरा काचेलाच चिकटलेला. म्हणे, "पावसाळी हवा, काय करणार." अरे, साताऱ्यात पाऊस काय कालपासून पडतोय?

फ्रेम उतरवून पाठ उघडली. अख्खा कागद हार्डबोर्डवर गोंदाने चिकटवलेला. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्यात आकसतो. त्याला हलायला जागाच ठेवली नाही, तर लाट येणारच. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, नाही; त्यामुळे काच थेट रंगावर. आतून दव धरलं की ते कागदातच मुरतं. शिवाय हार्डबोर्डमधलं आम्ल कागद पिवळा करतं ते वेगळंच.

फ्रेमवाल्याला मी बोल लावणार नाही. त्याच्याकडे दिवसभर देवांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो येतात, तो त्याच हाताने हेही करतो. राग येतो तो आपल्या मंडळींचा. ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद हवा, ब्रश सेबलच्या केसांचाच हवा, आणि चित्र झालं की "छानशी फ्रेम करून ठेवा" म्हणून दुकानात सोडून यायचं! औंधच्या संग्रहालयात जाऊन रविवर्म्यांची चित्रं डोळे भरून बघणारी हीच माणसं.

सांगून करून घ्या, नाहीतर घरी करा. अ‍ॅसिड-फ्री माउंट बोर्डचे दोन तुकडे घ्या, एक मागे, एक पुढे खिडकी कापून. ११ × १५ इंची चित्राला चहूकडे अडीच-तीन इंच माउंट सोडा, खाली अर्धा इंच जास्त. चित्र मागच्या बोर्डला फक्त वरच्या कडेने, दोन ठिकाणी, जपानी टिश्यूच्या पट्टीवर गव्हाची खळ लावून टांगतं ठेवा. सेलोटेप नको म्हणजे नकोच. त्याचा चिकटा कागदात उतरतो आणि डाग कायमचा. पाठ ब्राऊन पेपरच्या टेपने चारी बाजूंनी बंद करा, म्हणजे धूळ आणि कसर आत जात नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळली पाहिजे. मेणवलीच्या त्या फ्रेमची पाठ भिंतीला सपाट टेकलेली होती, तिथला पोपडाही ओला.

खर्च वाढतो, कबूल. कॅनव्हासवरच्या तैलचित्राला काचच लागत नाही, हेही कबूल. पण सॉफ्ट पेस्टलच्या, म्हणजे भुसभुशीत रंगखडूच्या, चित्राला काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट लावू नका, स्थिर विजेने ती भुकटी ओढून घेते.

पावसाची झड बसते ती बाहेरची भिंत टाळा. थेट उन्हाची तर टाळाच, अलिझरिनसारखे लाल आधी उडतात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर ठेवा. एका खिळ्यावर फ्रेम कलंडत राहते. भिंतीत गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) ठोकून दोन स्क्रू लावा.

आणि ज्यांचं चित्र आधीच काचेला चिकटलंय, त्यांनी कृपा करून ओढू नका. रंग काचेबरोबर निघून येतो. आहे तसं, काचेसकट, कागदाचं संवर्धन जाणणाऱ्या माणसाकडे न्या.