दाताला हात न लावता दंत ओपीडी कशी चालवावी

अभिनंदन! ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी दंत शल्यचिकित्सक म्हणून तुमची अकरा महिन्यांची ऑर्डर निघाली. बीडीएसला जे शिकलात ते विसरलात तरी चालेल. एक्सेल येतं ना?

सकाळी आल्या आल्या आधी कंप्रेसरचं दर्शन घ्या. तो जिन्याखाली, मोडक्या सलाईन स्टँडशेजारी असतो. चुकून चालू झालाच तर त्याच्या हवेवर एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, फिरेल आणि लोक ‘दाढ वाचवा’ म्हणून मागे लागतील. पण तो चालू होत नाही. दुरुस्तीचं पत्र लिहा, जावक क्रमांक टाका. पत्रात ‘तात्काळ’ हा शब्द हवाच. त्याशिवाय ते कुठल्या गठ्ठ्याखाली ठेवायचं हे वरच्यांना कळणार कसं?

कंप्रेसर बंद म्हणजे उरली उपटणी. रूट कॅनालला दोन-तीन खेपा, एक्स-रे, दर खेपेला तास-अर्धा तास. दाढ काढायला हिरडी सुन्न करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन, पाच मिनिटं थांबणं आणि फोर्सेप, म्हणजे दात उपटायचा चिमटा. मासिक अहवालात दोन्हींची किंमत सारखीच, एक. आढावा बैठकीत ‘किती दाढा वाचल्या?’ असं कुणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

रुग्ण खुर्चीत आ करून बसला म्हणून लगेच त्याच्या तोंडात डोकावू नका. आधी केसपेपर, मग ओपीडी रजिस्टर, मग प्रोसिजर रजिस्टर, मग पोर्टल. पोर्टलला आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) लागतो, आभाला ओटीपी लागतो, ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या मोबाईलवर जातो आणि मुलगा कंपनीत शिफ्टला असतो. तोवर रुग्णाने तोंड मिटलं तरी हरकत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, चांगलंच झालं. बुडालेल्या रोजाची पावती मात्र अजून कुठल्याच खिडकीवर मिळत नाही.

असिस्टंट कुठे आहे म्हणता? कागदावर तुमच्याकडेच आहे. माणूस तेवढा केसपेपरच्या खिडकीवर बसतो. त्यामुळे फोर्सेप घासणं, पॅक करणं, वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह लावणं तुमच्याकडे. संच तीन, रुग्ण तीस. 121 अंशांना पोचायला तो त्याचा वेळ घेतो. (इथे मात्र घाई करू नका. हे उपरोधाने म्हणत नाही.)

आठवड्यातून एकदा शाळेत जा. दात तपासायला नव्हे, टेप धरायला. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, म्हणून पिवळी रेषा मारायची असते. शंभर यार्ड म्हणजे सुमारे 91 मीटर. एक टोक शिपाईमामांनी धरायचं, दुसरं तुम्ही. रेषा संपते तिथे टपरी सुरू होते. टेप गुंडाळून तिथेच चहा घ्या. फोटो जिओटॅग करून ग्रुपवर टाका.

महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे. तेव्हा ओपीडीत ज्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, ती पंचविशीतली पोरं परराज्यातून येत असणार. आरसा आत जात नाही, गाल आतून पांढरट, दोरीसारखा ताठ. अशा पोराला समोर बसवून वीस मिनिटं बोलावंसं वाटतं. आवरा. समुपदेशन रजिस्टरवर त्याची सही घ्या, झालं समुपदेशन.

आता दुपारचं. मिश्री लावणाऱ्या एका आजींना इंजेक्शन देऊन तुम्ही बाकावर बसवलंय आणि तेवढ्यात जिल्ह्याची व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, लागते. विषय: ओपीडीत रुग्णांचा प्रतीक्षा कालावधी कमी करणे. कॅमेरा चालू ठेवा, हजेरी त्यावरच लागते. दोन-तीन तासांनी आजी दारातून डोकावतील, गालावर हात ठेवून म्हणतील, “लेकरा, सुन्नपणा उतरला की रं!”

हाताने खूण करून त्यांना थांबवा. माईक बंद आहे ना, तेवढं आधी बघा.