तहान उन्हाचीच असते असं नाही

लहान मुलांच्या मधुमेहावरचा एक लेख वाचला. त्यात या आजाराची लक्षणं दिली आहेत, पण ती आपल्या खान्देशात नेमकी कुठे हुकतात तेही सांगायला हवं. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. पोरगं सारखं पाणी पितंय, वाळलंय, तर घरचे म्हणतात ऊन बाधलं. मग भरपूर उसाचा रस, सरबत पाजतात, आणि साखर आणखी चढते. पण ऊन लागलेल्या मुलाला लघवी कमी होते. मधुमेह झालेल्या मुलाला सारखी होते. अंथरूण ओलं न करणारं मूल पुन्हा करायला लागलं, लघवीला मुंग्या लागल्या, तर त्याच दिवशी बोटातून रक्त घेऊन साखर तपासा. उपाशीपोटीची वाट पाहू नका.

उलट्या, पोटदुखी, खोल धापा, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठलंय. अशा वेळी गावातच सलाईन लावून बसू नये, या अवस्थेत मेंदूला सूज येऊ शकते, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. मूल थेट बालरोग अतिदक्षता विभागात न्या. धडगाव-अक्कलकुव्याहून तिथवर पोहोचायलाच वेळ लागतो, म्हणून १०८ ला लगेच फोन करा.

इटलीतल्या पार्मा भागात १९९१ पासून शाळांत आणि डॉक्टरांकडे या लक्षणांची साधी भित्तिपत्रकं लावली, तर मधुमेहाच्या नव्या बालरुग्णांत असं आम्ल साठण्याचं प्रमाण ७८ टक्क्यांवरून १२.५ वर आलं. आपल्या जिल्हा परिषद शाळांत, अंगणवाड्यांत अशी पत्रकं अहिराणी आणि भिलीतही लावता येतील.