मामाचा चारशे सात आणि माझं टायरचं बिल

मामाचा फोन येतो तेव्हा पुण्यात रात्र असते आणि इथे फ्रेस्नोत मी ऑफिसला निघत असते. गेल्या महिन्यात तो म्हणाला, "अगं, यंदाचं पासिंग झालं कसंबसं. पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही."

त्याचा टाटा ४०७ गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून धनकवडी, वडगाव, सिंहगड रस्ता या भागांत किराणा पोचवतो. सेकंडहँड घेतला, दोनदा बोअर केला, पंप-नोझलचं काम तर किती वेळा झालं याची गणतीच नाही. लहानपणी सुट्टीत मी गिअरजवळच्या तापलेल्या झाकणावर गोणपाट टाकून बसायचे. स्वारगेटच्या सिग्नलला मामा रुमालाने तोंड पुसायचा. सकाळी मामीने दिलेला तो पांढरा रुमाल संध्याकाळी राखाडी झालेला असायचा. माझ्या इंजिनीअरिंगच्या एका वर्षाची फी याच टेम्पोच्या भाड्यातून भरली गेली.

अशा जुन्या डिझेल गाड्यांचं काय करायचं, यावरून आमच्या मावस-मामेभावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मोठं भांडण झालं. बाणेरच्या भावाचं म्हणणं, पंधरा वर्षांवरच्या डिझेल गाड्या सरसकट भंगारात काढा. त्याच्या मुलीला दमा आहे, त्यामुळे त्याचा संताप मला समजतो. कात्रजची बहीण म्हणाली, गरिबाच्या पोटावर पाय देऊन तुमची हवा साफ करायची नाही. मग 'तू परदेशात आहेस, तू सांग' म्हणत दोघांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ग्रुपवर एवढं लिहिता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात राहते. पूर्वेला सिएरा नेवाडाचे डोंगर, पश्चिमेला किनारपट्टीच्या रांगा आणि मध्ये खोलगट वाडग्यासारखी सपाट जमीन. हिवाळ्यात वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खालचा धूर खालीच अडकतो. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी तळजाईवरून शहराकडे बघितलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेतल्या सर्वांत खराब हवेत या खोऱ्याची गणना होते. डिझेलच्या धुरातले कण विषारी असल्याचं कॅलिफोर्नियाने १९९८ सालीच जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये हा धूर थेट कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत टाकला. म्हणजे मामाच्या रुमालावर काय होतं, हे आता कोणी वादात घेऊ नये.

त्याच १९९८ साली इथे कार्ल मॉयर नावाची अनुदान योजना सुरू झाली. ट्रक, ट्रॅक्टर, शेतातली पंपाची इंजिनं, बोटी अशी जुनी डिझेल यंत्रं काढून स्वच्छ यंत्र घेणाऱ्याला किमतीतला मोठा वाटा सरकार देतं. कायद्याने जे आज करावंच लागेल त्यासाठी पैसे मिळत नाहीत, मुदतीच्या आधी करणाऱ्यालाच मिळतात. जड ट्रकांसाठी नियम झाला २००८ मध्ये आणि २०१० किंवा त्यानंतरचं इंजिन जवळजवळ सर्वांना सक्तीचं झालं २०२३ मध्ये. मधली वर्षं माणसाला तयारीला मिळाली. लहान ट्रकमालकांना बँका दारात उभं करत नाहीत, म्हणून त्यांच्या कर्जाला राज्याने पाठबळ दिलं.

पण मला सगळ्यात जास्त पटलं ते पैसे कुठून येतात ते. गेल्या वर्षी मी गाडीचे चारही टायर बदलले. बिलात प्रत्येक टायरमागे पावणेदोन डॉलरची सरकारी फी होती. त्यातले पाऊण डॉलर हवेच्या कामासाठी जातात आणि त्यातूनच अशा योजना चालतात. दुसरा पैसा येतो नव्या गाड्यांकडून. नव्या गाडीला पहिली आठ वर्षं धुराच्या तपासणीतून सूट असते, त्याबदल्यात मालक दरवर्षी फी भरतो आणि तिचा काही भाग इकडे वळतो. थोडक्यात, नवी गाडी परवडणारा पैसे भरतो आणि जुनं इंजिन चालवणाऱ्याला ते मिळतात.

आपल्याकडे पैशाचा प्रवाह नेमका उलटा आहे. महाराष्ट्रात पर्यावरण कर भरतो तो जुन्या गाडीचा मालक. व्यावसायिक वाहन आठ वर्षांचं झालं की हा कर लागतो. पंधरा वर्षांवरच्या जड ट्रक-बसचं फिटनेस म्हणजे पासिंगचं शुल्क केंद्राने २०२२ मध्ये १२,५०० रुपयांवर नेलं. आणि सवलत कोणाला? २०२१ च्या स्क्रॅपिंग धोरणात जुनी गाडी अधिकृत केंद्रात तोडली तर नव्या व्यावसायिक वाहनाच्या रस्ता करात १५ टक्क्यांपर्यंत आणि खासगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत सूट आहे, नोंदणी फी माफ आहे. भंगाराची किंमत म्हणून नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळावेत अशी अपेक्षा धरली होती. हे सगळं फायद्याचं आहे, पण नवी गाडी घेऊ शकणाऱ्यासाठी. मामा नवा टेम्पो घेऊच शकत नाही, त्याला करातली सूट घेऊन काय करायची? गाडी दिल्यावर मिळणारं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट विकताही येतं, हे त्याला माझ्याकडून कळलं.

मग असा माणूस काय करतो? टेम्पो विकून टाकतो. टेम्पो बीड नाहीतर लातूरकडे जातो, तिथे आणखी पाच-सात वर्षं पळतो आणि तिकडच्या कोणाचा तरी रुमाल काळा करतो. बाणेरच्या भावाला मला हेच सांगायचंय की बंदीने धूर नाहीसा होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. इथेही हे घडलं. नियमात न बसणारे ट्रक राज्याबाहेर विकायला मनाई नव्हती, त्यामुळे अनुदान न मिळालेले कितीतरी ट्रक बाहेर निघून गेले.

अनुदानात मात्र तसं करता येत नाही. मी पंपांच्या कामात आहे, त्यामुळे शेतकऱ्यांकडे जाणं असतं. माझ्या ओळखीचे एक पंजाबी गृहस्थ मदेराजवळ बदामाची छोटी बाग करतात. त्यांच्याकडे चाळीस वर्षांचा ट्रॅक्टर होता. तो तोडायच्या दिवशी त्यांनी मलाही यार्डात बोलावलं. तिथल्या माणसाने गॅस कटरने इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडलं, निदान तीन इंच रुंदीचं आणि वेडंवाकडं, म्हणजे ठिगळ लावून पुन्हा चालू करता येऊ नये. मग सांगाड्याचे दोन्ही बार कापले. ब्लॉकवरचा नंबर दिसेल असे फोटो निघाले. सरदारजी बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि मग घरी जाऊन चहा घेऊ म्हणाले. भोक पाडलेलं इंजिन बीडला जात नाही.

त्यांना नवाकोरा ट्रॅक्टर मात्र मिळाला नव्हता. या खोऱ्यात एक साखळी योजना आहे. मोठा शेतकरी अनुदानातून नवा ट्रॅक्टर घेतो, त्याचा मधल्या वयाचा ट्रॅक्टर दुरुस्त होऊन लहान शेतकऱ्याकडे येतो आणि लहान शेतकऱ्याचा सर्वांत जुना, सर्वांत धुरकट ट्रॅक्टर तोडला जातो. मला वाटतं पुण्याला हवी ती हीच. चाकण-रांजणगावच्या मोठ्या वाहतूक कंपन्या विजेचे ट्रक घेऊ लागल्या आहेत. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत केंद्राने जुलै २०२५ मध्ये विजेच्या ट्रकला कमाल ९.६ लाख रुपयांचं अनुदान जाहीर केलं आणि त्यासाठी जुना ट्रक भंगारात गेल्याचं प्रमाणपत्र मागितलं. या योजनेला आणखी एक कडी जोडता येईल. कंपनीचा बीएस-४ टेम्पो, म्हणजे मामाच्यापेक्षा नव्या आणि कडक धूर-निकषांचा, मामासारख्याला द्यायचा, मामाचा तोडायचा आणि मधला फरक पर्यावरण कराच्या पैशातून भरायचा. तो कर त्याने इतकी वर्षं भरलाय, त्याचे पैसे त्याच्याच इंजिनासाठी वापरले जावेत.

पुण्याला हे जमणार नाही असं मला कोणी सांगू नये. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून आहे, कोथरूडला कमिन्स आहे, पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डीला टेम्पो बनवणारी फोर्स. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेत देशभरातली इंजिनं तपासायला येतात. महापालिकेने रिक्षांना सीएनजी किटसाठी १२,००० रुपये दिले होते, तेव्हा रिक्षावाल्यांनी बदल केलाच की. सोसायट्यांच्या जनरेटरचंही तसंच आहे. जुलै २०२३ पासूनचे कडक निकष नव्या संचांना लागू झाले. तळघरात वीस वर्षं धडधडणारा जुना संच काढायला सोसायटीला कोणी काही देत नाही, म्हणून तो तिथेच राहतो.

इथलं सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. अर्ज किचकट असतो. यंत्र इथेच वापरात होतं याचे दोन-दोन वर्षांचे पुरावे द्यावे लागतात. करार होण्याआधी नवं यंत्र घेतलं तर अनुदान जातं. हिशेब ठेवायला माणूस असलेली मोठी शेतं पुढे निघून जातात. शिवाय वॉशिंग्टनचा वारा फिरतो. कॅलिफोर्नियाच्या नव्या ट्रकांबाबतच्या नियमांना केंद्राकडून मिळालेली परवानगी जून २०२५ मध्ये काढून घेतली गेली. तरीही टायरमागचा पाऊण डॉलर येत राहतो आणि यार्डात भोकं पडत राहतात.

हे सगळं मी मामाला रविवारी फोनवर समजावून सांगितलं. साखळी योजना त्याला आवडली. बीएस-४ घेईन म्हणाला, अट एकच, क्लच नीट पाहिजे. मग थोडं थांबून त्याने विचारलं, "पैसे टेम्पो तोडायच्या आधी मिळतात का नंतर? मधला महिना माल कशातून पोचवू? गिऱ्हाईक तर दुसऱ्या दिवशी दुसरा टेम्पो बघतं."

इथेही बहुतेकांना पैसे नंतरच मिळतात, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग आपल्याकडे आधी द्यायला सांग त्यांना.

म्हणून लिहिते आहे. आधी द्या.